गोठ्यातला ब्रश

माझ्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "काहाडून टाका." कोणता दात, कधीपासून दुखतो, आधी कुणाला दाखवला होता का, हे सगळं नंतर. हिंगणघाटला मी तीसेक वर्षं दातांचा दवाखाना चालवला आणि या दोन शब्दांशी भांडण्यातच माझा निम्मा जन्म गेला. दवाखाना बंद करून आता दुसरं वर्ष लागलं. तरी लग्नाकार्यात कुणी भेटलं, की पंगतीतून उठून माझ्यासमोर आ वासतात आणि बोट लावून दाखवतात, "हा पाहा बाई, हा काहाडाचा राह्यला."

सुरुवातीला तर लोकांना माझीच शंका यायची. बाजाराच्या दिवशी खेड्यावरून आलेला एखादा दणकट माणूस पडदा सारून आत डोकवायचा, मला पाहायचा, माझी मनगटं पाहायचा आणि विचारायचा, "डॉक्टर कुठी गेले?" मी म्हणायची, मीच डॉक्टर. "हे तुमच्यानं निघन का पण?" एकानं तर सोबत थोरल्या भावाला आणलं होतं, मध्येच अडलं तर ओढायला. दात काढायला ताकद लागत नाही, तो हळूहळू सैल करून हाडातून सोडवावा लागतो, हे सांगून पटायचं नाही. काढून दाखवला की पटायचं. मग तोच माणूस पुढच्या बाजाराला बायकोला घेऊन यायचा आणि ऐटीत सांगायचा, "बाईचा हात हलका हाय."

मला या कौतुकाचा राग यायचा. मी चिडकी आहे, हे माझे पेशंट कुणालाही सांगतील. दात काढणं हे आमच्या धंद्यातलं शेवटचं काम. सगळे उपाय हरले की करायचं. लोकांनी मात्र मला त्याच कामासाठी नावाजलं, आणि ज्या कामात माझा खरा जीव होता ते कुणाला दिसलंच नाही. ते काम म्हणजे हिरड्या.

थोडं धंद्याचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. दाताच्या मुळाशी रोज एक चिकट थर बसतो. तो ब्रशनं निघाला तर निघाला, नाहीतर तिथंच कडक होतो. आमच्याकडे त्याला कीट म्हणतात. त्या किटाला जंतू धरून राहतात, हिरडी सुजते, लाल होते, दातापासून सुटते आणि दात नि हिरडी यांच्यामध्ये एक खिसा तयार होतो. त्या खिशात पू साठतो, आतलं हाड झिजतं आणि एक दिवस धडधाकट, न किडलेला दात डुलायला लागतो. या सगळ्यात गंमत अशी की, दुखत काहीच नाही. फक्त ब्रश केला की थोडं रक्त येतं. आणि रक्त दिसलं की माणूस काय करतो? तिथं ब्रश लावायचं सोडतो! ही चूक शिकलेले आणि अडाणी दोघंही सारख्याच विश्वासानं करतात. एका मुख्याध्यापकांनी तर मलाच समजावलं होतं, "मॅडम, जखमेवर कोणी कुंचा फिरवतं का?" मी त्यांना म्हटलं, सर, जखम झालीच आहे ती कुंचा न फिरवल्यामुळे. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या खेपेला दोन दात हातात घेऊन आले.

आता सगळ्या दातांभोवतीच्या अशा सुजलेल्या हिरड्या उलगडून एका ठिकाणी मांडल्या, तर तळहाताएवढी जखम होईल. तेवढी जखम पायावर असती तर माणूस त्याच दिवशी डॉक्टरकडे धावला असता. तोंडातली असते म्हणून वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याखाली दाबून ठेवतो. पण रक्ताला काही तोंड आणि पाय असा भेद कळत नाही. हिरड्यांतले जंतू आणि तिथली आग रक्तातून सगळ्या अंगाला पोचते. ज्याला शुगर आहे त्याच्या हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या शुगर आटोक्यात येऊ देत नाहीत. आमवाताचंही हिरड्यांशी असंच काही नातं आहे. त्यात आधी कोण आणि नंतर कोण, यावर शहाणी माणसं अजून भांडतात. दात साफ केले की आमवात बरा होतो असं कुणी सांगितलं, तर त्याच्यापासून दोन हात लांबच राहा. पण शरीरात एका कोपऱ्यात आग धुमसत असताना दुसऱ्या कोपऱ्यातली विझवणं अवघड जातं, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

लोक मात्र तोंड वेगळं आणि शरीर वेगळं मानत. बाजारपेठेतले एक किराणावाले माझ्याकडे वर्षभर येत होते. जखम भरायची नाही, तोंडाला वास यायचा. मी दर खेपेला विचारायची, शुगर आहे का? ते दर खेपेला छातीवर हात ठेवून म्हणायचे, "नाई जी, अजिबात नाई." एकदा त्यांची बायको सोबत आली आणि तिनं सहज विचारलं, सकाळची शुगरची गोळी आज दात काढायच्या आधी घ्यायची की नंतर? शेठजी भिंतीकडे पाहायला लागले. मी संतापून विचारलं, का लपवलंत? तर म्हणाले, "शुगर हाय म्हनलं त तुमी दात काहाडत नाई ना! पह्यले तपासून या, मंग या, अशा चकरा मारायले लावता." त्यांच्या दृष्टीनं मी आणि त्यांची शुगर, दोघी मिळून त्यांच्या आणि दात काढण्याच्या आड येत होतो.

डॉक्टरांचीही तीच तऱ्हा. मोठमोठे डॉक्टर पेशंटला जीभ बाहेर काढायला सांगतात, टॉर्च मारून घसा पाहतात, आणि वाटेतले बत्तीस दात ओलांडून परत येतात. म्हणून शेवंताबाई माझ्याकडे आल्या त्या दिवसाचं मला फार अप्रूप वाटलं होतं. वर्ध्याकडच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांच्या आमवाताचे उपचार चालू होते. गोळ्यांनी भागेना, तेव्हा तिथल्या डॉक्टरणीनं नवीन इंजेक्शन सुरू करायचं ठरवलं. ते इंजेक्शन सांध्यांची सूज उतरवतं, पण शरीराची जंतूंशी लढायची ताकदही कमी करतं. म्हणून अंगात कुठं पू असेल तर आधी तो काढून टाकावा लागतो. त्या डॉक्टरणीनं शेवंताबाईंचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या आणि सांगितलं, आधी दातांच्या डॉक्टरकडे जा, तोंड नीट करून या, मग सुई. त्या डॉक्टरणीला मी कधी भेटले नाही, पण मनातल्या मनात तिला हात जोडले.

शेवंताबाई अल्लीपूरच्या. साठीच्या अलीकडच्या, बारक्या, बोलक्या. नवरा देवरावजी सोबत असायचे. कपाशी नि तुरीचं शेत, दोन बैल, एक गाय. घरात मुलगा, आणि रूपाली नावाची सून. शेवंताबाईंच्या हातांची बोटं बुंध्यापासून एका बाजूला कलली होती आणि मनगटं सुजलेली. उन्हाळ्यात गावभर त्यांच्या हातचे सरगुंडे नावाजले जायचे, असं रूपालीनं मला सांगितलं. भिजवलेली कणीक काडीवर गुंडाळत न्यायची, ते बोटांचं काम. आता त्यांना ब्लाउजचं बटन लावता येत नव्हतं.

"काहाडून टाका," त्या म्हणाल्या.

"इंजेक्शन घ्यायचंय ना? हात चालायला हवेत ना?"

"त्याच्याचसाठी त म्हन्तो. सगळे काहाडा, भानगडच नोको."

मी तोंड तपासलं. तीन-चार दात गेल्यात जमा होते, बाकीचे वाचण्यासारखे होते. मी त्यांना चांगलं खडसावलं आणि कामाला लागले. हिरड्यांच्या आतून कीट खरवडून काढायचं काम एका दिवसात होत नाही. तोंडाचे चार भाग करून चार बैठकांत ते केलं. गेल्यात जमा होते ते दात काढले. पू थांबला. पण आमच्या धंद्यात खुर्चीतलं काम निम्मं असतं. उरलेलं निम्मं घरी, रोज दोनदा, ब्रशनं. आणि शेवंताबाईंच्या मुठीत ब्रश राहत नव्हता.

शेजारच्या सायकलच्या दुकानातून मी हँडलची रबरी मूठ आणली आणि ब्रशच्या दांड्यावर चढवली. मूठ जाड झाली, धरता आली, पण खांदा वर उठेना. ब्रश हनुवटीपर्यंत यायचा आणि थांबायचा. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी दात घासून द्यायला हवे होते. रूपाली लगेच म्हणाली, "मी करीन ना जी. आईची वेनी घालतो, आंग धुतो, हे काय भारी हाय?"

शेवंताबाईंनी ओठ मिटून घेतले. सून बाहेर गेल्यावर म्हणाल्या, "बाई, थे नाई होनार."

"का?"

"माह्या तोंडातलं उष्टं सुनेच्या हातानं काहाडू? त्या हातानं थे देवाले फुलं वाह्यते. भाकर थापते. लेकरू हाय थे माहं. तिले मी थुंकी धुवायले लावू?"

"माझा हात कसा चालतो मग?"

"तुमचा हात डॉक्टरचा हाय. त्याले काई लागत नाई."

मी म्हटलं, तिला हातमोजे देते. त्यावरही उत्तर तयार होतं. "हातमोजे घालून सून घरात फिरली त लोकं म्हनतीन, सासूले कोनता रोग झाला?" मला संताप आला आणि हसूही आलं. त्यांचं सुनेवर प्रेम होतं, यात मला तिळमात्र शंका नव्हती. त्या प्रेमापायीच त्या तिला आपल्या तोंडाला हात लावू देत नव्हत्या. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पुढच्या खेपेला देवरावजी एकटेच आत आले. तोपर्यंत ते नेहमी बाहेरच्या बाकावर, खांद्यावर दुपट्टा टाकून मुकाट बसलेले असायचे. माझ्या टेबलावर शिकवायला ठेवलेला प्लास्टरचा जबडा होता. तो त्यांनी उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "मले दाखवा कसं कराव लागते थे."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. साठी उलटलेला, कोरडवाहू शेतातला माणूस. घरात पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला नसेल. "तुम्ही करणार?"

"बैलाच्या तोंडात हात घालून औशद पाजतो मी. दात पाहून बैल घेतो. बायकोच्या तोंडात घालाले काय झालं?"

मी दाखवलं. ब्रश हिरडीकडे तिरका धरायचा, जोर द्यायचा नाही, छोटे छोटे गोल फिरवायचे, आतल्या बाजूला ब्रश उभा करायचा. त्यांनी प्लास्टरच्या जबड्यावर केलं. पहिल्यांदा बैल धुतल्यासारखं केलं. मी ओरडले. मग इतकं हलक्या हातानं केलं, की मला त्यांचा हात धरून थोडा जोर द्यायला शिकवावं लागलं.

शेवंताबाईंना आत बोलावलं. ऐकल्याबरोबर त्या खुर्चीतून उठायलाच लागल्या. "नवऱ्याच्या हाताले माहं उष्टं? नरकात तरी जागा भेटन का मले?"

"मंग एवढी वर्सं माह्या ताटात माहं उष्टं जेवली थे?" देवरावजी म्हणाले.

"थे वायलं."

"काऊन वायलं?"

 शेवंताबाई मान खाली वाकवून वाकड्या बोटांतल्या पदरात तोंड लपवून हसायला लागल्या, आणि मला कळलं की काम झालं. पण अटी घातल्याच. घरात करायचं नाही, न्हाणीत तर नाहीच, कारण न्हाणी अंगणात आणि अंगण शेजाऱ्यांच्या डोळ्यांपुढे. सुनेला दिसता कामा नये. मुलाला कळता कामा नये. मग जागा ठरली ती गोठ्याची. पहाटे देवरावजी गाय दोहायला जात, तेव्हा शेवंताबाईंनी मागून जायचं. उपड्या टोपलीवर बसायचं. आधी गाय, मग दात. ब्रश गोठ्यातच, वळचणीला खोचलेल्या डब्यात.

मी दर महिन्याला त्यांचं तोंड तपासायची. पहिल्या महिन्यात रक्त कमी झालं. दुसऱ्या महिन्यात हिरड्या फिकट गुलाबी, घट्ट, दाताला धरून बसलेल्या. असं काम मी स्वतः केलं असतं तर मला अभिमान वाटला असता, आणि हे एका शेतकऱ्यानं गोठ्यात, कंदिलासारख्या अंधुक दिव्याखाली केलं होतं. वर्ध्याला इंजेक्शन सुरू झालं. मनगटाची सूज उतरली. सकाळी उठल्यावर हात लाकडासारखे व्हायचे, ते लवकर मोकळे व्हायला लागले. श्रेय इंजेक्शनचं, मी ते घेणार नाही. पण तोंडात पू असता तर ते इंजेक्शन मिळालंच नसतं. एके दिवशी शेवंताबाईंनी माझ्या दवाखान्याचं दार स्वतःच्या हातानं उघडलं. आत येऊन उभ्या राहिल्या आणि मी कधी पाहते याची वाट पाहू लागल्या.

मी त्या काळात जरा हवेतच होते. इतर पेशंटना शेवंताबाईंची गोष्ट, नाव न घेता, रंगवून सांगायची. मग त्या येईनाशा झाल्या. पाऊसपाण्याचे, पेरणीचे दिवस, म्हणून मला काही वाटलं नाही. खेड्यावरचे पेशंट हंगामात असेच दिसेनासे होतात.

काय झालं होतं ते नंतर रूपालीनं सांगितलं. शेजारची एक बाई पहाटे लेकरासाठी ताजं दूध मागायला सरळ गोठ्यात गेली होती. तिला दिसलं ते असं, की शेवंताबाई टोपलीवर मान वर करून बसलेल्या आणि देवरावजी त्यांच्या तोंडाशी वाकलेले. ती उलट्या पावली परत फिरली आणि दुपारपर्यंत गावात गोष्ट पोचली. पानठेल्यावर कुणी विचारलं, "काय देवरावजी, बैलायचे दात बी घासता का?" देवरावजींनी खर्रा घोटता घोटता सांगितलं, "बैल तुमच्याहून शाहाने हायेत. तोंड उघड म्हनलं त उघडतात." त्यांनी ते अंगाला लागू दिलं नाही. पण एका साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, जेवणात वाढणाऱ्या बाईनं सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं शेवंताबाईंना विचारलं, "घरी जेवन बी देवरावजीच चारतात का तुमाले?" बायका हसल्या. शेवंताबाई पानावरून उठल्या नाहीत, पण जेवल्याही नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या गोठ्यात गेल्या नाहीत.

देवरावजी रोज पहाटे हाक मारत. त्या पांघरुणातून म्हणत, आज बरं वाटत नाही.

त्या परत आल्या तेव्हा गाल सुजलेला, अंगात ताप. खालच्या दाढेला पू झाला होता. वर्ध्याच्या डॉक्टरणीनं इंजेक्शन थांबवलं होतं आणि बोटं पुन्हा आखडायला लागली होती. पू काढला, औषधं दिली. ताप उतरल्यावर त्या दुसऱ्यांदा आल्या. त्यांनी नवऱ्याला आणि सुनेला बाहेर बसवलं, मला दार लोटायला सांगितलं.

"आता सगळे काहाडून टाका."

मी म्हटलं, सगळे नाही. एक दाढ गेली. बाकीचे अजून वाचतील. लोक चार दिवस हसतील आणि विसरतील. तुम्हाला हसण्याचं एवढं का लागतंय?

"मले हासले असते त मी सोसलं असतं बाई. त्याइले हासले." त्या हळू बोलत होत्या, पण थांबत नव्हत्या. "थ्या मानसानं जलमात चहाची कपबशी उचलली नाई. माह्यासाठी माही थुंकी धुतली त्यानं. अन् मागून लोकं त्याले बायल्या म्हन्तेत. थो मले दाखवत नाई, पन मले माईत हाय ना."

"त्यांना चालतंय तर तुम्ही कशाला..."

"त्याले चालते म्हनूनच त. दात ठेवले त थो घासल्याबिगर राहनार नाई. रोज हाका मारन. म्हनून दातच नाई ठेवाचे."

मी बराच वेळ वाद घातला. रूपालीकडून करून घ्या म्हटलं, नाही. गावाबाहेर कुणी नर्स पाहू म्हटलं, नाही. देवरावजींना आत बोलावलं. ते म्हणाले, "अवो, लोकायचं काय घेऊन बसली? मी करून राह्यलो ना!" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वर्ध्याच्या डॉक्टरणीला फोन केला. ती म्हणाली, तोंड स्वच्छ ठेवणारं कुणी नसेल तर त्या दातांवर इंजेक्शनची जोखीम मी घेऊ शकत नाही. तिचं बरोबर होतं. मीही तिच्या जागी तेच म्हटलं असतं.

तेव्हा मी दात काढले. थोडे थोडे करून, जखम भरायला वेळ देत. डुलणारे दात सहज निघाले. घट्ट दात निघायला वेळ लागला. वरचा उजवा सुळा तर हाडात असा रुतून बसला होता, की त्याला मरेपर्यंत काही झालं नसतं. त्या सुळ्याभोवतीची हिरडी अजून निरोगी होती, त्या गोठ्यातल्या पहाटांमुळे. तो काढताना माझे डोळे भरून आले. शेवंताबाईंनी डोळे मिटले होते म्हणून त्यांना दिसलं नसावं. एवढ्या वर्षांत मी हजारो दात काढले, पण नवऱ्यानं नीट राखलेला दात बायकोच्या हट्टापायी काढायची वेळ माझ्यावर एकदाच आली, आणि ती येऊ नये म्हणून मला काहीच करता आलं नाही.

पुढं सगळं नीट झालं, निदान कागदावर तरी. जखमा भरल्या. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं आणि हात पुन्हा बऱ्यापैकी चालायला लागले. मी कवळी करून दिली. ती कवळी रूपाली रोज दोनदा अंगणातल्या नळावर, सगळ्यांच्या देखत घासून धुते. शेवंताबाई स्वतः काढून तिच्या हातात देतात. कुणी हसत नाही. उष्ट्याचं नाव कुणी काढत नाही. दात तोंडात रुजलेले होते तेव्हा त्यांना हात लावणं पाप होतं. आता ते घासायचं एक भांडं झालं. हे ऐकून मला इतका राग आला, की मी रूपालीवरच खेकसले. ती बिचारी म्हणाली, "मी त पह्यलेच म्हनलं होतं ना जी, मी करीन म्हनून." खरंच, ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी कवळी टोचत होती म्हणून दोघं आली. शेवंताबाई बाहेर बसल्या होत्या. देवरावजी कवळीची डबी घेऊन आत आले. मी टोचणारी कड घासून दिली. ते डबी घेऊन उभेच राहिले.

"आणखी काही?" मी विचारलं.

"बिनदाताच्या तोंडाले काई कराव लागते का जी?"

मी म्हटलं, लागतं. कवळी काढल्यावर हिरड्या ओल्या मऊ फडक्यानं, बोटानं हळूहळू पुसायच्या. जीभही. नाहीतर तिथंही घाण बसते, लाल होतं.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला आनंदच म्हणावं लागेल. मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "मंग हे तुमीच तिले सांगा. मी सांगतलं त म्हनन, बहाना करून राह्यला."

 ते दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत होते. "तिथं गोठ्यात आमी बोलत होतो जी. म्हंजे मी बोलत होतो, तिच्या तोंडात त ब्रश राहे. घरात पोट्टं राह्यते, सून राह्यते. कोठी बोलनं होते? एवढी वर्सं झाली लग्नाले, तिचं तोंड एवढ्या जवळून मी कदी पायलं नव्हतं. आता कवळी सून धुते. मले काई काम नाई राह्यलं."

त्यांना बाहेर पाठवून मी शेवंताबाईंना आत घेतलं आणि फडक्याचं सांगितलं. अगदी डॉक्टरी आवाजात, जणू हे सगळ्यांनाच सांगते. खरं तर सगळ्यांनाच सांगते. त्या ऐकत होत्या, कवळी नसलेले ओठ आत गेले होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे थे इचारत होते ना?"

मला खोटं बोलता येईना.

 त्या म्हणाल्या, "मले बी आठवते गोठ्यातलं. पन एवढे दात काहाडून टाकले बाई. आता पुन्हा सुरू केलं त थे काहाडले कायले?" मग म्हणाल्या, "फडकं मी माह्या हातानं फिरवतो. आता बोट पोचते माहं तोंडापर्यंत. त्याइले तसं सांगा."

दोघं निघाली तेव्हा मी खिडकीतून पाहत होते. रस्त्यावर अल्लीपूरची शेअर जीप उभी होती. मी देवरावजींना निरोप सांगितला तेव्हा त्यांनी "बरं हाय" एवढंच म्हटलं होतं आणि डबी खिशात घातली होती. जीपची पायरी उंच. त्यांनी शेवंताबाईंचं कोपर धरलं, दुसरा हात पाठीला लावला आणि त्यांना वर चढवलं. जीपमध्ये गावातली दहा-बारा माणसं बसली होती. ते पाहून कुणी हसलं नाही.